कललेल्या थरांचे प्रकरण : पारसिक डोंगरातील एका दगडखाणीचा अभ्यास

बेलापूरपासून मुंब्र्यापर्यंत पसरलेल्या पारसिक डोंगररांगेला दगडखाणींनी जागोजागी उभे कापले आहे. नवी मुंबईचे रस्ते, पूल आणि इमारती उभ्या राहत असताना लागलेली खडी या आणि आसपासच्या डोंगरांतून निघाली, आणि ती निघून गेल्यावर मागे राहिलेल्या भिंतींनी डोंगराचे पोट अभ्यासकांपुढे उघडे केले. प्रस्तुत प्रकरण अशाच एका भिंतीचे आहे. या खाणीतील काम आता थांबलेले आहे. ठाण्यातील एका महाविद्यालयात भूविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाने तिचा अभ्यास केला आणि त्यांची शिक्षिका म्हणून मी त्यांच्यासोबत होते.

भिंतीत काळ्या बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाचे, तीन जाड थर एकावर एक दिसतात. खालच्या दोन थरांच्या मध्ये हातभर जाडीचा लाल मातीचा पट्टा आहे. हे थर आणि तो पट्टा आडवे नाहीत. सर्वच पश्चिमेकडे, म्हणजे ठाणे खाडीच्या दिशेने, दहा-बारा अंशांनी उतरत जातात. याउलट पनवेलच्या पूर्वेला प्रबळगड किंवा माथेरानच्या कड्यांकडे पाहिले, तर तिथले थर जवळजवळ आडवे असल्याचे लांबूनही कळते. दोन्हीकडचा खडक दख्खनच्या त्याच ज्वालामुखी पठाराचा भाग आहे, जे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या असंख्य प्रवाहांनी रचले गेले आणि झीज होऊनही आज जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापून आहे. मग एकीकडे थर आडवे आणि खाडीच्या कडेला कललेले, असे का, हा या प्रकरणातील प्रश्न आहे.

भिंतीसमोर उभे राहिल्यावर उत्तरे लगेच आली. एकाने सांगितले की डोंगर खचला असावा. दुसरीचे म्हणणे असे की लाव्हा उतारावरून वाहत आला, म्हणून थरही उतरते आहेत. तिसऱ्याने आत्मविश्वासाने सांगितले, "मॅडम, हे पनवेल फ्लेक्शर." त्याचे वाचन चांगले होते. पनवेलच्या परिसरातून उत्तर-दक्षिण जाणारा, शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचा हा वाकलेला पट्टा भूविज्ञानात सुपरिचित आहे आणि भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन यांनी 1949 साली त्याची चर्चा केलेली आहे. परंतु एखाद्या गोष्टीला नाव असणे आणि समोरच्या भिंतीत तिचा पुरावा असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पुस्तकातले नाव भिंतीवर चिकटवून आम्ही परत फिरलो असतो, तर त्या दिवशी भूविज्ञान झाले नसते. अमेरिकन भूवैज्ञानिक टी. सी. चेंबरलिन यांनी 1890 साली आग्रहाने मांडले होते की संशोधकाने एकाच गृहीतकाच्या प्रेमात पडू नये. संभवणारी सर्व स्पष्टीकरणे एकाच वेळी समोर ठेवावीत आणि त्यांच्यात फरक करू शकेल असा पुरावा शोधावा. आम्ही तिन्ही उत्तरे वहीत लिहून ठेवली आणि त्यांत चौथे जोडले : कदाचित कल मुळात नसेलच, आपल्याला तसा भास होत असेल.

चौथ्यापासूनच सुरुवात केली. बेसाल्टमध्ये थंड होताना पडलेल्या भेगा असतात, तसेच झीज होताना पृष्ठभागाला समांतर सुटणाऱ्या चिराही असतात, आणि दुरून त्या थरांच्या सीमा वाटू शकतात. लाव्हाच्या प्रवाहाची सीमा ओळखण्यासाठी खडकाजवळच जावे लागते. प्रवाहाचा माथा फेसाळलेला असतो, कारण वर चढलेले वायूचे बुडबुडे कवचाखाली अडकतात. मधला भाग घट्ट, बारीक कणांचा असतो. तळाशी पुष्कळदा बोटभर लांबीच्या नळ्यांसारख्या पोकळ्या उभ्या राहिलेल्या दिसतात. आमच्या भिंतीत हा क्रम तिन्ही थरांत वरून खाली नीट लागला, म्हणजे या सीमा खऱ्याच होत्या. आणखी एक दक्षता घेणे भाग होते. खाणीची भिंत थरांच्या उताराला तिरकी कापत असेल, तर तिच्यावर दिसणारा उतार खऱ्या उतारापेक्षा कमी दिसतो. सुदैवाने खाणीच्या कोपऱ्यात दोन भिंती जवळजवळ काटकोनात मिळतात. दोन्हींवर लाल पट्ट्याचा कल मोजून खरी नती, म्हणजे थराचा कमाल उतार आणि त्याची दिशा, काढता आली. ती पश्चिमेकडेच निघाली आणि भासाचे उत्तर बाद झाले.

कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा, हा प्रश्न यानंतर आला. निकोलस स्टेनो यांनी 1669 साली मांडलेल्या तत्त्वानुसार खालचा थर जुना आणि वरचा नवा. मात्र ज्वालामुखी खडकांत या तत्त्वाला एक पळवाट आहे. शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, जुन्या थरांच्या मधल्या फटीतही आडवा घुसू शकतो, आणि तसे झाले तर मधला थर वरच्या थरापेक्षा नवा ठरतो. दोहोंतला फरक उष्णतेच्या खुणांवरून कळतो. मध्ये घुसलेला शिलारस वरचा आणि खालचा असे दोन्ही खडक भाजतो. उघड्यावर वाहिलेला लाव्हा फक्त खालची जमीन भाजतो, कारण वरचा थर तेव्हा अस्तित्वातच नसतो. आमच्या लाल पट्ट्याची वरची कडा भाजून कडक आणि गडद झालेली होती, तर तिच्या खाली माती मऊ होती आणि आणखी खाली ती हळूहळू कुजलेल्या, फेसाळ बेसाल्टमध्ये मिसळत गेली होती. शिवाय मधल्या थराच्या तळात लाल मातीचे नखाएवढे तुकडे अडकलेले सापडले. तुकडा ज्याच्यात अडकतो त्याच्यापेक्षा तो आधीचा असलाच पाहिजे. तेव्हा क्रम निश्चित झाला : खालचा प्रवाह वाहिला, थंड झाला, उघड्यावर हवापाण्याने कुजून त्याची माती झाली, आणि मग त्या मातीवरून पुढचा प्रवाह आला.

खाणीत पूर्वी सुरुंगाचे काम केलेले एक काका पायथ्याच्या वस्तीत राहतात. आम्ही काय पाहत आहोत हे विचारायला ते वर आले. लाल पट्ट्याविषयी त्यांनी सांगितले, "मॅडम, हा पट्टा लागला की माल खराब. खडीला चालत नाही. आणि पावसात पाणी सुटतं ते याच्यावरनंच, ते पण कायम खाडीच्या अंगाला." उत्तरेकडच्या दुसऱ्या खाणीत हाच पट्टा कुठे निघतो हेही त्यांनी दाखवले. आम्हाला ही माहिती फार मोलाची ठरली. लाल माती चिकणी असल्याने वरच्या भेगांतून उतरलेले पाणी तिच्यावर अडते आणि तिच्या उताराने वाहत जाऊन भिंतीतून पाझरते. म्हणजे काकांनी वर्षानुवर्षे पाहिलेले पाणी त्या थराची नतीच दाखवत होते. दुसऱ्या खाणीत पट्टा त्याच दिशेने आणि जवळपास तितकाच कललेला निघाला. (पाण्याने भिजलेली चिकणमाती आणि तिच्यावर उताराकडे झुकलेला जड थर ही रचना डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी राहणाऱ्यांच्या दृष्टीने दुर्लक्ष करण्याजोगी नाही, तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि तो व्हायला हवा.)

डोंगर खचल्याचे उत्तर येथेच कमकुवत झाले. खचलेल्या खडकाचा एखादा ठोकळा बहुधा मागे, डोंगराकडे कलतो, त्याच्या कडेला चुरा झालेला पट्टा असतो आणि शेजारच्या ठोकळ्याचा कल वेगळा असतो. आमच्याकडे दोन वेगळ्या खाणींत एकच कल होता आणि मधे चुरा नव्हता.

उरली दोन उत्तरे : लाव्हा मुळातच उतारावर थिजला, किंवा सपाट जागी थिजला आणि मग जमीनच कलली. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा येथे आहे. गाळाचे थर पाण्याच्या तळाशी साचताना आडवेच साचतात असे बहुतेक वेळा धरून चालते, पण लाव्हा हा प्रवाही पदार्थ आहे आणि तो उतारावरही थिजू शकतो. त्यामुळे कललेला लाव्हा थर पाहून "जमीन हलली" असे म्हणण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो मिळवण्यासाठी खडकात अशी एखादी खूण शोधावी लागते, जिने त्या काळातली क्षितिजसमांतर पातळी किंवा उभी दिशा स्वतःमध्ये नोंदवून ठेवली आहे.

अशी खूण बुडबुड्यांच्या पोकळ्यांत सापडते. लाव्हा थंड झाल्यानंतर दीर्घकाळ त्यातून खनिजे विरघळलेले पाणी फिरते आणि रिकाम्या पोकळ्यांत कॅल्सेडोनी, क्वार्ट्झ आणि झिओलाइट गटातील खनिजे साचवते. पुष्कळ पोकळ्यांत हा लेप भिंतीला समांतर, चहूबाजूंनी सारखा बसतो. त्या आमच्या उपयोगाच्या नव्हत्या. काही पोकळ्यांत मात्र सिलिका (कॅल्सेडोनी आणि क्वार्ट्झ याच पदार्थाचे असतात) गुरुत्वाकर्षणाने तळाशी बसत गेलेली असते आणि तिचे करडे-पांढरे पापुद्रे सपाट पातळीत एकावर एक रचले जातात. ही पोकळी म्हणजे निसर्गाने खडकात बसवून ठेवलेली गवंड्याची पाणसळ आहे : ती भरली त्या दिवशी आडवे म्हणजे काय होते, हे ती आज सांगते.

मधल्या थराच्या फेसाळ माथ्यात अंगठ्याएवढ्या अशा पोकळ्या होत्या. एकीत खालचा अर्धा भाग पट्टेदार कॅल्सेडोनीने भरलेला, वरचा भाग बारीक चमकदार क्वार्ट्झने मढवलेला आणि मध्ये किंचित पोकळी शिल्लक होती. कॅल्सेडोनीच्या सपाट पातळीला क्लायनोमीटर, म्हणजे उताराचा कोन मोजणारे उपकरण, लावला, तेव्हा ती आजच्या क्षितिजाला समांतर नव्हती. थराच्या सीमेशी मात्र समांतर होती. सुट्या दगडांतल्या पोकळ्या अर्थातच बाद केल्या, कारण दगड पडताना फिरतो. भिंतीत घट्ट बसलेल्या पोकळ्याच मोजल्या. वाचने एक-दोन अंशांनी इकडेतिकडे होती, पण झुकाव एकाच बाजूचा, पश्चिमेचा होता. याचा अर्थ असा की पोकळ्या भरल्या तेव्हा हा थर आडवा होता आणि कल त्यानंतर आला. लाव्हा उतारावर थिजला असता, तर पोकळ्यांतली पातळी थराच्या सीमेशी दहा-बारा अंशांचा कोन करून आजच्या क्षितिजाला समांतर राहिली असती. दोन स्पष्टीकरणे दोन परस्परविरोधी गोष्टी भाकीत करतात आणि खडक त्यांतल्या एकीचीच साक्ष देतो. अशा ठिकाणी भूविज्ञान प्रयोगशाळेतल्या शास्त्राइतकेच काटेकोर होते, जरी ज्या घटनेबद्दल बोलायचे ती पुन्हा घडवून पाहता येत नसली.

आम्ही आणखी एक गोष्ट शोधली आणि ती मिळाली नाही, हेही नोंदवणे आवश्यक आहे. एखाद्या पोकळीत खालचे पापुद्रे कललेले आणि वरचे आजच्या क्षितिजाला समांतर असे निघाले असते, तर पोकळी भरत असतानाच जमीन कलत होती असे म्हणता आले असते. तशी एकही पोकळी या भिंतीत दिसली नाही. म्हणजे कल भरण्यानंतरचा आहे इतकेच सांगता येते, किती नंतरचा हे नाही.

एका पुराव्यावर न थांबता उतारावरच्या लाव्हाच्या कल्पनेला आकड्यांनीही तपासले. दहा अंशांचा उतार केवळ वीस किलोमीटर चालू राहिला, तर दोन टोकांच्या उंचीत साडेतीन किलोमीटरचा फरक पडतो. म्हणजे खाडीच्या पूर्वेला एक प्रचंड ज्वालामुखी पर्वत असायला हवा होता, आणि तिथे तर माथेरानचे आडवे थर आहेत. शिवाय अशा उतारावर लाव्हा वेगाने निसटतो आणि पातळ, खडबडीत थर मागे सोडतो. आमच्या भिंतीतल्यासारखे जाड, समान जाडीचे थर सपाट जमिनीवर संथपणे पसरणाऱ्या आणि कवचाखाली आतून फुगत जाणाऱ्या प्रवाहांचे लक्षण आहेत. लाल पट्टाही हेच सुचवतो, कारण उतारावरची माती पावसाने खाली वाहून जाते आणि खोलगट जागी जमा होते, तर येथे तिची जाडी लांबवर जवळपास सारखी राहते. मुंबईत लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या तळ्यांचे गाळ सापडतात, आणि वरळीच्या अशा गाळात लहान बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते. तळ्याच्या तळाचा गाळ सपाट बसतो, आणि मुंबईचे हे गाळथरही लाव्हासोबत पश्चिमेकडे कललेले आहेत. पारसिकची भिंत जे सांगते ते खाडीपलीकडचा खडक वेगळ्या साक्षीने सांगतो.

भिंतीत दोन भित्तीही आहेत. भित्ती म्हणजे थरांना कापत वर चढलेल्या शिलारसाची थिजलेली, उभी पट्टी. इंग्रजीत तिला डाइक म्हणतात. पहिली उत्तर-दक्षिण जाते, थरांना काटकोनात कापते आणि त्यामुळे स्वतः सरळ उभी नसून माथ्याकडे पश्चिमेला झुकलेली आहे. दुसरी तिला छेदून जाते आणि सरळ उभी आहे. जे छेदते ते नंतरचे, हे तत्त्व जेम्स हटन यांच्या अठराव्या शतकातल्या लेखनापासून भूविज्ञानाच्या पायाशी आहे. विद्यार्थ्यांनी लगेच कथा पूर्ण केली : पहिली भित्ती कल येण्यापूर्वीची, म्हणून थरांसोबत झुकली, दुसरी नंतरची, म्हणून उभी. ही मांडणी आकर्षक आहे आणि कदाचित बरोबरही असेल, पण मी तिला पोकळ्यांच्या पुराव्याइतके वजन दिले नाही. शिलारस नेहमी सरळ उभ्या फटीतूनच चढतो असे नाही. थर आधीच कललेले असतील, तर तो त्यांना काटकोनात असलेल्या थंड होण्याच्या भेगांतूनही वर येऊ शकतो आणि मग जन्मतःच झुकलेला असतो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या भित्तीचा तर या कामी काहीच उपयोग नाही, कारण जमीन पश्चिमेकडे कलली तरी तिची पातळी उभीच राहते.

भिंतीने घटनांचा क्रम दिला, वर्षे दिली नाहीत. लाल पट्टा हातभर जाड आहे म्हणून दोन प्रवाहांमध्ये इतकी हजार वर्षे गेली असावीत, असा हिशेब करण्याचा मोह मोठा असतो. परंतु खडक कुजण्याचा वेग हवामान, पाऊस आणि खडकाचा पोत यांनुसार बदलतो, आणि अशा काही थरांत दूरवरून उडून आलेली ज्वालामुखी राखही मिसळलेली असते, त्यामुळे जाडीवरून काळ काढणे मी विद्यार्थ्यांना करू दिले नाही. त्या राखेचा मात्र फार मोठा उपयोग झाला आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पश्चिम घाटातील लाव्हा थरांमधल्या अशा पट्ट्यांतून झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेगळे करून त्यांतील युरेनियमचे शिशात झालेले रूपांतर मोजण्यात आले. झिरकॉन तयार होताना युरेनियम सामावून घेतो आणि शिसे जवळजवळ नाकारतो, म्हणून आत सापडलेले शिसे हा काळाचा हिशेब ठरतो.

कल कधी आला हे ठरवण्याची वाट वेगळी आहे : कलण्यापूर्वीच्या आणि कलल्यानंतरच्या खडकांची वये काढून घटनेला दोन्ही बाजूंनी बांधून घ्यायचे. आयआयटी मुंबई आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था येथील संशोधकांनी 2017 साली मुंबईचे बेसाल्ट आणि पनवेल फ्लेक्शर यांवर आर्गॉन पद्धतीने केलेले काम प्रसिद्ध केले. खडकातील किरणोत्सारी पोटॅशियम-40 चे अर्धायुष्य सुमारे 125 कोटी वर्षांचे आहे आणि त्याच्या ऱ्हासातून आर्गॉन निर्माण होतो. बेसाल्ट कुजलेला असेल तर हा वायू निसटतो आणि वय चुकते, म्हणून नमुन्याची निवड हाच त्या कामातला सर्वांत कठीण भाग असतो. त्यांनी मुंबईतील ज्वालामुखी घडामोडींचा काळ सुमारे 6.25 कोटी वर्षांपूर्वीचा असा काढला आणि फ्लेक्शरचा संबंध भारताचा पश्चिम किनारा सेशेल्सच्या भूखंडापासून सुटण्याच्या घटनेशी जोडला. किनारा फाटताना त्याची कड ताणली गेली, खचली आणि समुद्राकडे झुकली, हे एकूण चित्र आमच्या भिंतीशी जुळते.

ती कड नेमकी कशी झुकली याबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार कवच समुद्राकडे वाकले. दुसऱ्या मतानुसार खोलवर वक्र होत जाणाऱ्या विभंगावरून (ज्या भेगेवर खडक सरकतात तिच्यावरून) खडकांचा भाग घसरताना उलट्या बाजूने ओढला गेला आणि थरांना कल आला. दोन्हींत थर पश्चिमेलाच उतरतात, त्यामुळे केवळ उतार मोजून हा वाद सुटणार नाही. त्यासाठी जमिनीखालचा विभंग शोधावा लागेल किंवा कल पूर्वेकडून पश्चिमेकडे कसा बदलत जातो हे सलग मोजावे लागेल. आमच्या अहवालात विद्यार्थ्यांनी हे स्पष्टपणे लिहिले की या खाणीवरून कल नंतरचा असल्याचे सिद्ध होते, त्याची यंत्रणा सिद्ध होत नाही.

पुढची तपासणी चुंबकत्वाची आहे आणि तिची आखणी सध्या सुरू आहे. लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजे त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. 1950 च्या दशकात दख्खनच्या बेसाल्टमध्ये ही दिशा मोजूनच, लाव्हा थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता याचा पुरावा मिळाला होता. आमचे अनुमान खरे असेल, तर पारसिकच्या खडकातली दिशा माथेरानच्या आडव्या थरांतल्या त्याच चुंबकीय कालखंडातील दिशेपासून ढळलेली मिळेल, आणि गणिताने थर पुन्हा आडवे केले की दोन्ही दिशा जुळतील. लाव्हा उतारावरच थिजला असेल, तर त्या मुळातच जुळतील आणि थर आडवे करण्याच्या दुरुस्तीने उलट बिघडतील. अडचण अशी की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र शतकाशतकांत दहा-बारा अंश सहज भटकते, म्हणजे आमच्या कलाइतकेच, आणि एक लाव्हा प्रवाह त्यातला केवळ एक क्षण पकडतो. आमच्या भिंतीत तीनच प्रवाह आहेत. त्यामुळे उत्तरेकडच्या खाणी, मुंब्र्याकडचे डोंगरकाप आणि खारघरचे उतार यांतून आणखी बरेच प्रवाह मोजावे लागतील, आणि प्रत्येक ठिकाणी खडक जागचा आहे, खचलेला किंवा भरावाचा नाही, हे आधी पोकळ्या आणि थरांच्या सीमा पाहून ठरवावे लागेल.